एरंडेलाची बाटली आणि जळबाचं शटर

आमच्या गाडीचा पट्टा मी मारला. तोही तेल लावून, मायेनं.

झालं असं, की महिनाभर गाडी सकाळी सुरू केली की किंचाळायची. मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तशी. हिंगोलीत आमच्या गल्लीतले लोक त्या आवाजावर दुधाचं पातेलं उतरवायला लागले होते. "दाखवा एकदा कुणालातरी," सुनीती म्हणाली. सुनीती म्हणजे माझी बायको. ती एखादी गोष्ट एकदाच सांगते आणि नंतर नुसती बघत राहते, त्याचा त्रास जास्त होतो.

पण दाखवायचं काय? मला कारण ठाऊक होतं. कळमनुरीला माझ्या मामांची पिठाची गिरणी होती. तिचा चामड्याचा रुंद पट्टा कोरडा पडला की अगदी असाच ओरडायचा. मग मामा कोपऱ्यातली एरंडेलाची बाटली उचलायचे आणि चालत्या पट्ट्यावर बारीक धार धरायचे. पट्टा गप्प. लहानपणी सुट्टीभर ती बाटली हातात घेऊन उभं राहायचा मान माझा असे. यंत्रांच्या बाबतीत माझं शिक्षण तिथंच सुरू झालं आणि तिथंच आटोपलं.

तेव्हा मी बॉनेट उघडलं, इंजिनच्या एका अंगाला उघडा पट्टा दिसला, त्याला एरंडेल पाजलं. आवाज थांबला नाही. म्हणजे डोस कमी पडला, असं मानून मी रोज सकाळी पाजायला लागलो. बाटली डिकीतच ठेवली, प्रवासात लागली तर असावी म्हणून.

नांदेडला निघालो होतो. वारंगा फाटा जवळ आला, पुढं ट्रकांची रांग लागली, गाडी हळू केली. परत वेग घ्यायला गेलो तर पुढून फट्ट असा बारीक आवाज आला आणि इंजिन गप्प झालं. किंचाळणंही थांबलं. "आवाज गेला बघ," मी सुनीतीला म्हणालो. खरंच एक क्षण मला बरं वाटलं होतं.

या रस्त्यावरची माणसं फार मनमोकळी. बंद गाडी दिसली की हातातला चहा ठेवून ढकलायला येतात. बोलावावं लागत नाही, थांबवावं लागतं. चार-पाच जण आले. "साहेब, सेकंड टाकून बसा! आमी हाव!" मी दुसरा गियर टाकला, त्यांनी जोर लावला, मी क्लच सोडला. गाडीच्या पोटातून असा आवाज आला, जसं कुणी भांड्यांची मांडणीच उलथी केली. "निघू लागली, निघू लागली!" मागून एकजण ओरडला. सगळ्यांनी पुन्हा जोर लावला, मी पुन्हा क्लच सोडला. उरलेली भांडी पडली.

मग त्याच माणसांनी हसत हसत गाडी फाट्यावरच्या जळबांच्या गॅरेजपर्यंत ढकलत आणून दिली आणि मंडळी आपल्या गार झालेल्या चहाकडे परत गेली. मागं एकदा गाडीचं काम मी जळबांकडेच करून घेतलं होतं.

जळबा दारातच, जुन्या टायरवर बसले होते. साठीच्या आसपासचा माणूस. अंगात एके काळी खाकी असलेला सदरा, चष्म्याच्या काडीला गुंडाळलेली तार. गाडी दिसली तशी त्यांनी उठायची तयारी केली, आणि ती तयारी बराच वेळ चालली. आधी गुडघ्यावर हात, मग आमच्या बंपरवर हात, मग एक मोठा श्वास. उभे राहिल्यावर त्यांनी इंजिनकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं.

"ढकलली?"

"थोडी."

"गियरात?"

"दुसऱ्या."

जळबांनी डोळे मिटले. देवळात मिटतात तसे नव्हे, दाढ ठणकल्यावर मिटतात तसे.

"भाऊसाहेब, मी इंजिन सोडलं," ते म्हणाले. मी सरकारी कचेरीत कारकून, म्हणून फाट्यावर मी भाऊसाहेब. "पाडव्यापासून सोडलं. आता पंक्चर, हवा, न्हाईतर बॅटरीला पाणी. इंजिन खोलनं माझ्याच्यानं हुईना. तुमी नांदेडला न्या."

"अहो जळबा, ओढून न्यायची म्हणजे... एवढं एकच करा."

आतून, अर्ध्या अंधारातून, एक बाई मोठ्यानं म्हणाली, "आलं! एवढं एकच आलं! म्या म्हनतच व्हते, आज अजून कसं न्हाई आलं."

या सखुबाई, जळबांच्या मालकीणबाई. दोघांचं घर शिरड शहापूरला आहे. चांगलं, पत्र्यांचं, अंगणात लिंबाचं झाड असलेलं. शेती मुलगा बघतो. पण जळबा फाट्यावरच राहतात, गॅरेजातल्या खाटेवर, कारण रस्त्यावरून कोण कधी येईल नेम नाही आणि येईल त्याला नाही म्हणायचं कसं हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. शेवटी गेल्या दिवाळीनंतर सखुबाई तवा, परात आणि दोन लुगडी घेऊन इथंच येऊन राहिल्या. "मानूस घरी येईना, तर म्हनलं घरच इकडं आनावं," असं त्या सुनीतीला पहिल्या पाच मिनिटांत सांगून मोकळ्या झाल्या. "वैनी, ह्यांनी इंजिन चार बार सोडलं. पोळ्याला सोडलं. दसऱ्याला सोडलं. सोडतेत अन् कोनीतरी येऊन म्हनतं, एवढं एकच."

"अगं, आता खरंच सोडलं की," जळबा म्हणाले. पण म्हणता म्हणता त्यांचा हात बॉनेटच्या खटक्यावर गेला होता. मी तो पाहिला. सखुबाईंनीही पाहिला.

पट्टा तुटला म्हणजे नक्की काय होतं हे मला त्या दिवशी कळलं, ते सांगतो. एका उखळात दोघी समोरासमोर उभ्या राहून कांडतात, पाहिलंय ना? एकीचं मुसळ वर, तेव्हा दुसरीचं खाली. ताल आहे तोवर ठीक. इंजिनातही तसंच. खालून दट्टे, म्हणजे पिस्टन, वर येतात, वरून झडपा खाली उघडतात. गॅरेजात त्यांना वॉल म्हणतात. जागा एकच, पाळ्या वेगळ्या. तो ताल धरतो दात्यांचा एक रबरी पट्टा. तो तुटला की वरची मंडळी जिथल्या तिथं थांबतात आणि खालची मात्र येतच राहतात. वॉल उघडा सापडला की त्याच्या डोक्यात दट्टा. आणि कुणी मनमोकळ्या माणसांनी दुसऱ्या गियरात ढकलली की ज्यांना लागलं नव्हतं त्यांनाही लागतं.

जळबांनी तुटलेला पट्टा बाहेर ओढला. तो लांबला होता, फुगला होता, आणि दाते हाताला लागून गळत होते. त्यांनी वास घेतला. परत घेतला.

"एरंडेल?"

मी मामांच्या गिरणीची हकीकत सांगितली. जळबांनी ती सगळी ऐकून घेतली. थकलेल्या माणसाला मध्येच तोडायचाही कंटाळा असतो.

"चामड्याला चालतं," ते म्हणाले. "ह्यो रबर हाय. तेल लागलं की सडते. अन् किंचाळत व्हती ती भाईरची पट्टी, पंख्याची. रडायलं एक लेकरू अन् तुमी दूध पाजलं दुसऱ्याला."

सुनीती रस्त्याकडे बघायला लागली. तिचे खांदे हलत होते.

"पन पट्टा दिसलाच कसा तुमाला?" जळबा एकदम म्हणाले. "त्याच्यावर काळं टोपन असते." बोलता बोलता ते थांबले. हळूच मान वळवून त्यांनी मागच्या भिंतीकडे पाहिलं. तिथं खिळ्याला एक काळं प्लॅस्टिकचं टोपण टांगलं होतं आणि त्यात सखुबाईंनी लसूण ठेवला होता.

"व्हय," जळबा म्हणाले. "मागच्या टायमाला मीच काढलं व्हतं. एका बोल्टाचा आटा गेल्ता. म्हनलं, मग बसवतो." ते पुन्हा टायरवर बसले. "दमलो व्हतो, भाऊसाहेब. मग ऱ्हायलं."

मला वाटलं होतं आता माझी चूक निम्मी झाली म्हणून हायसं वाटेल. तसं झालं नाही. त्या माणसाचा चेहरा पाहून ती दुप्पट झाल्यासारखी वाटली.

"ठेवून जावा गाडी," ते म्हणाले. सखुबाईंनी आत तवा आपटला.

जळबा लहान वयात नांदेडला गेले, बाबूसिंग नावाच्या उस्तादाच्या हाताखाली. उस्तादानं पहिलं वर्षभर नुसते पाने धुवायला लावले, दुसऱ्या वर्षी शिव्या द्यायला सुरुवात केली, तेव्हा कळलं की आपण आता कामावर लागलो. त्याचा एक नियम होता. इंजिन बांधून झालं की किल्लीला हात लावायचा नाही. पहले दो चक्कर हाथ से, फिर चाबी. पान्यानं इंजिन सावकाश दोनदा पूर्ण फिरवायचं आणि पट्ट्याच्या खुणा पुन्हा जिथल्या तिथं येतात का बघायचं. कुठं अडलं तर हाताला कळतं. किल्लीला कळत नाही.

मग फाट्यावर स्वतःचं गॅरेज. सुरुवातीला त्याला झोकात शटर बसवलं. सकाळी वर, संध्याकाळी खाली. हळूहळू संध्याकाळ लांबत गेली. मग जळबा तिथंच झोपायला लागले, तशी शटर ओढायची गरज उरली नाही. ते वर गुंडाळलेलं तसंच गंजलं. त्यात चिमण्यांनी संसार केले.

नाही म्हणता न येण्याचा कळस झाला तो लेकीच्या लग्नात. राजनंदिनीचं लग्न शिरड शहापूरलाच, अंगणातल्या मांडवात. वऱ्हाडाची मिनीबस गावाबाहेर बंद पडली. कारण तेच, पट्टा. नवरदेवाकडचा कुणी धावत आला आणि मुलीच्या बापाला म्हणाला, एवढं एकच. हळद लागलेला बाप नव्या धोतरानिशी बसखाली गेला. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा तो पळत आला आणि त्यानं मूठभर अक्षता टाकल्या. "जावयाच्या पांढऱ्या टोपीवर समदा काळा तांदूळ," सखुबाई सांगत होत्या. "फोटोत दिसते अजून. इहीन इचारती झाली, तुमच्याकडं तिळाच्या अक्षता टाकतेत का?"

"बस निघाली का न्हाई पन?" जळबा बॉनेटखालून म्हणाले.

हे सगळं मला कळलं, कारण पुढचे काही दिवस मी सुट्टी टाकून एसटीनं फाट्यावर जात होतो. माझा उपयोग काही नव्हता, पण गुन्हा आपला असला की घटनास्थळी जावंसं वाटतं. नांदेडहून सामान येणाऱ्या गाड्यांच्या ड्रायव्हरांबरोबर येत होतं. कधी वॉल आले, पण पट्टा राहिला. पट्टा आला तो दुसऱ्याच गाडीचा. ऊन असं की पत्रा कडकड वाजायचा. जळबा एक बोल्ट काढायचे आणि बसायचे. दुसरा काढायचे आणि बसायचे. "बसलं की उठू वाटत न्हाई," ते म्हणाले, "अन् उठलं की काहून उठलो ते आठवत न्हाई."

हेड, म्हणजे वॉल बसवलेला इंजिनाचा वरचा भाग, उतरवलं तेव्हा पाहिलं. आठ वॉलपैकी एकही सरळ नव्हता. लग्नात पंगतीला फार वेळ बसलेल्या माणसांसारखे सगळे एकेका बाजूला कलले होते. दट्ट्यांच्या माथ्यावर चंद्रकोरीसारखे वण होते. जळबांनी त्यावर बोट फिरवलं, मग दुसरं बोट फिरवलं, मग माझं बोट धरून फिरवलं. "खोल लागते का?"

"नाही. पुसट आहे."

"मग चालते," ते म्हणाले. आपलंच बोट त्यांनी सदऱ्याला पुसलं आणि थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिले.

नवे वॉल जागेवर घासून बसवायचे असतात, म्हणजे फट राहत नाही. काडीला वॉल चिकटवायचा, कडेला खरखरीत लेप लावायचा आणि ती काडी दोन्ही तळव्यांत धरून गरगर फिरवायची. हे काम सखुबाईंचं. पोत्यावर बसून, ताक घुसळल्यासारखं. "घरी रवी हाय, ताकबी हाय," त्या फिरवता फिरवता मला म्हणाल्या. "हिथं येऊन लोखंड घुसळायले. लोनी कधी निघावं?" घासून झालं की त्या वर रॉकेल ओतून ठेवायच्या आणि खालून बघायच्या. थेंब ओघळला तर परत घुसळण. ओघळला नाही तर "बराबर", एवढंच.

त्याच दुपारी कुलदीप नावाचा टेम्पोवाला हळदीची पोती भरून आला. उतरलाही नाही. खिडकीतूनच म्हणाला, "जळबामामा, इंजिन खडखड करून राहिलं. खोलून बघा की. एवढं एकच."

जळबा म्हणाले, "अरे, म्या इंजिन सोडलं..." आणि गुडघ्यावर हात ठेवला.

सखुबाईंची काडी थांबली. "बसा," त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता. "कुलदीप, तू जा म्होरं, बाळापूरला हायेत मिस्तरी." टेम्पो गेल्यावर त्या नवऱ्याकडे वळल्या. "तुमच्या तोंडातून ‘न्हाई’ निघत न्हाई. लगनाला पस्तीस-चाळीस वर्सं झाली, येकदाबी ऐकलं न्हाई म्या. ठीक हाय. तुमाला म्हनता येत न्हाई, तर त्या शटरला म्हनू द्या."

"ते उतरतंय कुठं?" जळबा म्हणाले. "गंजलंय."

सखुबाई उठल्या, आमच्या गाडीची डिकी उघडली आणि माझी एरंडेलाची बाटली घेऊन आल्या. "भाऊसाहेब, ही तुमच्याजवळ ठेवन्यात अर्थ न्हाई." स्टूल लावून वर चढल्या. चिमण्यांचं जुनं गवत काढलं आणि शटरच्या दोन्हीकडच्या खाचांत धार सोडली. त्या दिवसापासून रोज सकाळी मी पोचलो की त्यांचं पहिलं काम तेच. मला मामांची आठवण झाली. मी स्टूल धरायला उभा राहिलो. इतक्या वर्षांनी मला माझं जुनं काम मिळालं होतं.

जळबा हे सगळं बघत होते. हो म्हणाले नाहीत. नाही तर ते म्हणतच नाहीत.

शेवटच्या दिवशी हेड बसलं. बोल्ट मधून सुरू करून कडेला, थोडे थोडे आवळत. नवा पट्टा चढला, ताण दिला. सुनीतीही आली होती, गाडी घेऊन तसंच पुढं नांदेडला जायचं म्हणून. जळबांनी पान्याला हात घातला. दो चक्कर हाथ से. सावकाश, मान एका बाजूला करून, दुखऱ्या माणसाला कूस बदलायला मदत करावी तसं त्यांनी इंजिन फिरवलं. एक फेरा. दुसरा. मग वाकून खुणा पाहिल्या.

चष्मा काढून पुसला. परत पाहिल्या.

"पट्टा दोन दातं म्होरं बसला," ते म्हणाले.

मला कळलं नाही. सखुबाईंना कळलं. त्या जवळ आल्या आणि त्यांनी पाण्याचा तांब्या पुढं केला.

"चढवताना हाताला कळते," जळबा तांब्या तसाच धरून म्हणाले. "कळायला पायजे. दातं खाचंत बसलं की बोटाला लागते. आता बोटाला कळलंच न्हाई, सखू."

पान्यानं फिरवलं म्हणून सापडलं. किल्ली मारली असती तर सखुबाईंनी घुसळलेले वॉल कदाचित पुन्हा पंगतीला बसले असते. मी म्हणालो, "सापडलं ना वेळेत, जळबा! हेच तर तुमचं कसब." बोलल्यावर मलाच ते पोरकट वाटलं. रस्त्यावरून एक लांबलचक ट्रक गेला. तो पूर्ण जाईपर्यंत जळबा पाणी पीत राहिले.

मग पट्टा सैल केला. या वेळी खूण सखुबाईंनी बोट ठेवून धरली आणि पट्टा जळबांनी चढवला. "हाय का?" "हाय." "सरकली?" "न्हाई, तुमी चढवा." पुन्हा दोन फेरे हातानं. त्यावर तिसरा, उस्तादाच्या नियमात नसलेला. खुणा जिथल्या तिथं आल्या. सखुबाईंनी खिळ्यावरचं काळं टोपण काढलं, लसूण पदरात ओतला, आणि जळबांनी नवा बोल्ट घालून ते टोपण पट्ट्यावर बसवलं. पंख्याची पट्टीही नवी टाकली. मी किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली, अशी गुपचूप की सुनीतीनं विचारलं, "झाली का सुरू?"

जळबांनी कान लावून ऐकलं. नंतर बॉनेट खाली घेतलं आणि दाबलं. हात पुसला. पाने एकेक करून पेटीत ठेवले. एरवी ते जिथं वापरले तिथंच पडलेले असत. सखुबाईंनी आतून तवा, परात आणि लुगड्यांचं गाठोडं आणून बाहेरच्या बाकावर ठेवलं. खाट उभी करून भिंतीला लावली. शिरडला जाणारी जीप यायची वेळ झाली होती. ऊन अजून भरपूर होतं, आणि भर उन्हात त्या गॅरेजाच्या आत हळूहळू अंधार व्हायला लागलेला मी पहिल्यांदाच पाहिला. जळबांनी कोपऱ्यातला लांब आकडा घेतला होता आणि शटरच्या कडीत अडकवून ओढलं होतं. ते पहिल्यांदा कुरकुरलं. मग एरंडेलाच्या जोरावर हातभर खाली आलं.

आमच्या गाडीची शेपूट अजून आतच होती. मी काचेतून डोकं बाहेर काढलं. मला खरोखर भरून आलं होतं. दोन शब्द चांगले बोलावेत, म्हातारपण सुखाचं जावो वगैरे, असं मनात होतं. पण बाहेर पडलं ते भलतंच. माझा साडू कुलकर्णी, त्याचीही गाडी अशीच, अलीकडे तीही किंचाळते म्हणत होता.

"जळबा," मी म्हणालो, "आमच्या साडूची गाडी तेवढी एकदा... एवढं एकच."

"गाडी म्होरं घ्या भाऊसाहेब, शटर येऊन राहिलं."